फोनमधली बाई

शालूबाईचं आणि फोनमधल्या बाईचं लई जमायचं. टाइप करायला येत नव्हतं, म्हणून शालूबाई माइकचं चित्र दाबून बोलायची. आणि बोलायची तरी कशी, तर शेजारणीजवळ मन मोकळं करावं तशी, नावागावासकट. उत्तरं बघून झाली की ती बोटानं बाजूला सारायची. बाजूला सारलं म्हणजे गेलं, असा तिचा समज.

घरातल्या फोनांना खातं एकच, नवऱ्याच्या, भावकूच्या नावाचं. दुकानदारानं उघडून दिलेलं. घराला रेशनकार्ड एक, तसं खातंही एक, त्यात काय वावगं? लेक ऋतिकानं तेवढं आपलं वेगळं केलं होतं. ती बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला होती. तिथल्याच दीपंकर नावाच्या इंजिनिअरशी तिनं लग्न ठरवलं होतं. पोरगा निपाणीचा, बौद्ध घरातला, सोन्यासारखा. पण भावकूच्या डोक्यात जात मुरलेली. म्हणून येत्या गुरुवारी अकरा वाजता बेळगावात गुपचूप नोंदणी करायची ठरली, आणि घरात हे एकट्या आईला माहीत होतं.

थोरला साईराज डिग्री घेऊन दोन वर्षं घरात बसलेला. नवऱ्याशी भांडभांड भांडून शालूबाईनंच त्याला बेळगावच्या कॉम्प्युटर क्लासला घातलं. माउस न धरता काळ्या पडद्यावर नुसते हुकूम लिहून काम कसं करायचं ते तिथं शिकवत. फोल्डरात शिरायचं कसं, हजारो ओळींतनं एक शब्द हुडकायचा कसा. पोरगं शिकतंय बघून माउलीचा ऊर भरून यायचा.

रविवारी सकाळी भावकू फोन घेऊन तणतणत आला. एरवी त्याला बैलगाडा शर्यती दिसायच्या, आता चार दिवस नोंदणी लग्नाचेच व्हिडिओ येत होते. साईराजनं ऐटीत समजावलं. खात्यावरनं कुणी काय विचारलं, किती वेळ बघितलं, हे कंपनी सगळं साठवते आणि त्याच जातीचं आणखी पुढं ढकलते. आणि साठवलेलं आपल्याला मागवूनही घेता येतं.

"मग कुणी इच्यारलं ते हुडीक," भावकू म्हणाला.

साईराजनं खात्याची सगळी माहिती मागवून उतरवून घेतली, काळा पडदा उघडला आणि 'लग्न' शब्द शोधायचा हुकूम दिला. भराभरा ओळी आल्या. शेजारच्या तेजस्वीसाठी मीच विचारलं होतं, असं शालूबाई कसंबसं बोलली. भावकू हुंकारला. गोष्ट तिथंच मिटली असती हो! पण साईराजला आपली विद्या दाखवायची होती. त्यानं दुसरा हुकूम लिहिला, आणि शब्द घातला 'ऋतिका'.

पडद्यावर तीन ओळी उमटल्या. साईराजनं त्या मनात वाचल्या आणि आईकडं बघितलं. तिनं हात जोडले नाहीत, नुसती 'नको' म्हणून मान हलवली. पडदा पुसायचा हुकूम त्याला येत होता, पहिल्याच आठवड्यात शिकवलेला. पाच अक्षरं लिहिली की सगळं कोरं.

त्यानं मोठ्यानं वाचलं.

"बाई, आमच्या ऋतिकाला दीपंकरसंगं नोंदणी करायची हाय, कागदं काय लागत्यात? बाई, गुरुवारी ऋतिकासंगं आई गेली तर चालतंय का? बाई, ऋतिकाच्या बापाला कळलं तर मी काय करू?"

भावकूनं आधी बायकोच्या थोबाडीत मारली, मग माडीवर लेकीच्या खोलीत गेला. ऋतिकाचा फोन त्यानं खिशात घातला आणि दाराला कुलूप लावलं. खाली येऊन लेकाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "तुझ्या आईचं ऐकून क्लासला घातलं ते बरं झालं बघ."

गुरुवारचे अकरा वाजून गेले. रविवारपासून शालूबाईशी घरात कुणी बोलत नव्हतं, पण घरात काय शिजतंय ते तिला फोनवर कळत होतं. खातं अजून एकच होतं ना! भावकू विचारायचा ते आता तिच्या फोनवर येत होतं. आधी आलं, आठ दिवसांत लग्न कसं उरकावं. मग आलं, कोगनोळी नाक्यापलीकडची, महाराष्ट्रातली बिजवर स्थळं. मग पन्नाशीचा एक माणूस आला, बायको वारलेली, तीन पोरं.

शालूबाईनं सवयीनं माइकचं चित्र दाबलं. "बाई," एवढं ती म्हणाली, आणि तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. माडीवर ऋतिका दार बडवत होती, आणि माइक अजून चालू होता.