पॅरिस ते लंडन, पंधरा मिनिटं

रोशनी लंडनला सुखरूप पोचली. पण तसा फोन गव्हाण गावी घरी अजून यायचा असल्यामुळे ती पोचलीच नाही, असं धरून चाललं पाहिजे. गंगाबाईने तर नवऱ्याच्या हातातला झाडूच हिसकावून घेतला.

"पोर पोचल्याबिगर केर काढताय?"

"मुंग्या झाल्यात," आनंदा म्हणाला.

"होऊ दे. त्यांना कुठं विमान पकडायचंय?"

घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत घर झाडायचं नाही, हा गंगाबाईचा नेम. माणूस उरणपर्यंत जाणार असलं तर तो सोपा होता. रोशनी काल नर्सच्या नोकरीला निघाली. तिने बॅग भरताना सांडलेला सुका जवळा, सुतळीचे तुकडे, सगळं जिथल्या तिथं पडलं होतं.

पॅरिसला उतरल्याचा फोन सकाळी आला होता. तिथून दुसरं विमान. तिकिटाच्या झेरॉक्सवर आनंदाने वाचलं : पॅरिस दहा, लंडन सव्वादहा. पॅरिसचे दहा म्हणजे आपले दीड, हे पोरगी सांगून गेली होती. पुढचा हिशेब आनंदाचा. विमानतळात जमिनी गेलेल्यांच्या समितीवर असल्याने विमानाच्या प्रश्नात घरात त्याचाच शब्द शेवटचा.

"पंधरा मिन्टं. पनवेलला जायला जास्त लागतात."

पावणेदोन झाले. दोन झाले. गंगाबाईने रिसीव्हर उचलून फोन चालू आहे का ते पाहिलं. मग, तेवढ्यातच पोरीचा फोन येऊन गेला असेल म्हणून आनंदावर चिडली. तो अंगणात जाऊन आभाळ बघून आला. आभाळात लंडनचं काही नव्हतं.

अडीचला दीपेश, रोशनीचा भाऊ, पनवेलहून आला. सायबर कॅफेत बसून त्याने सगळं बघून आणलं होतं.

"साडेतीनशे किलोमीटर. सव्वा तास. लंडनची घड्याळं पॅरिसच्या एक तास मागं हायत, बाबा."

"मंग तसं लिवायचं ना तिकिटावर! माणसाचा तास खाल्ला."

साडेतीनला फोन वाजला. रोशनी पोचली होती. थंडी आहे, बॅग मिळाली, जवळ्याचा वास तिथल्या साहेबाला आला, पण तो काही बोलला नाही.

गंगाबाईने रिसीव्हर ठेवला. आनंदाने झाडू पुढे केला. ती झाडू घेऊन सांडलेल्या जवळ्यापाशी बसली. मग उठून तिने झाडू दारामागे आडवा ठेवला.

"आता काय? पोचली ना?"

"तिथं पोचली," ती म्हणाली. "घरी नाय."

"आई, दोन वर्षांचा करार हाय," दीपेश हळूच म्हणाला.

मुंग्यांनी जवळ्याचा एक दाणा उंबऱ्यापर्यंत नेला. आनंदा खुर्चीत ताठ बसला. समितीत बोलायच्या आधी करतो तसा त्याने घसा साफ केला आणि कुणाकडेही न बघता म्हणाला,

"विषय, लंडन शहराच्या स्थलांतराबाबत. विमानतळासाठी आमची गावं हलवता येतात, तरी सदर शहर गव्हाणच्या शेजारी हलवण्यात यावे, ही नम्र विनंती."