पुस्तकाबाहेरची शिंक

डिंकाने चिकटवलेलं लाल नाक. कोठडीतलं तीन दिवसांचं मसुराचं पाणी. रंगमंचाच्या काठावर शिंपल्यासारखी एक पेटी. पोलिसाच्या मांडीवर उघडं पुस्तक.

आल्बिन क्नोलला हल्ली या चार गोष्टी एकदमच आठवत. मधलं काही आठवत नसे. एकतीस वर्षं माग्देबुर्ग शहराला हसवल्यावर त्याची वाक्यं गळू लागली होती. गळलेल्या जागी तो मनचं घाले, आणि ते साल १८५३ होतं; पोलिसांनी मंजूर केलेल्या नाटकाच्या पुस्तकाबाहेरचा एक शब्दही रंगमंचावर गुन्हा होता. म्हणून ती कोठडी.

"आणखी एक शब्द मनचा, की दुसरी कंपनी बघा," मालक श्ट्रुंक म्हणाले होते.

"आणि आठवलंच नाही तर?"

"प्रॉम्प्टर मेलीटाबाई पेटीत कशाला बसतात? त्या सांगतील तेच बोलायचं. अक्षर न् अक्षर."

दुसऱ्या अंकात आल्बिन, म्हणजे नाटकातला शिंपी, मेजाखालून बाहेर आला. समोर घरातल्या बाईचा नवरा उभा. "माझ्या घरात काय करतोस रे?"

डोक्यात नुसतं मसुराचं पाणी. आल्बिन पेटीकडे सरकला, कान दिला.

"आ... आक्‌छी!" पेटी म्हणाली.

हे वाक्य? त्याला काही कळेना. पण अक्षर न् अक्षर.

"आ... आक्‌छी!" तो गंभीरपणे म्हणाला.

थिएटर हसून कोसळलं. सहाशे माणसं एका सुरात ओरडली, "आरोग्य लाभो!" तिकडे शिंकणाऱ्याला म्हणायचंच असतं ते. पोलिसानेही म्हटलं, मग दचकून भराभर पानं उलटू लागला. त्या गोंगाटात पेटीतून खरं वाक्य आलं, "माप घेतोय!"

पडदा पडल्यावर श्ट्रुंक धावत आले. "क्नोल, माणूस आहात की कोण आहात! तो पोलीस म्हणतो, शिंक हा शब्द नव्हे. आणि शब्द धरला, तर 'आरोग्य लाभो' म्हटल्याबद्दल आधी त्याला स्वतःलाच अटक करावी लागेल! तुमची जागा पक्की. उद्याही तिथेच शिंका."

"पण मालक, ती शिंक माझी नव्हती."

"पुरे विनोद!"

मेलीटाबाई रुमालाची घडी घालत होत्या.

"बाई, पुस्तकात खरंच शिंक होती?"

"तुम्हाला ऐकू आली ना?"

"आली."

"मग झालं तर. नाक काढा आता, जेवायचंय."

त्याने नाक ओढलं. दुखलं. खोटं नाक आधीच कधीतरी गळून पडलं होतं.

त्या दुपारी, तालमीआधी, मेलीटाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा तपकिरीची पुडी विकत घेतली होती.