खिळ्यावरची रवी

मित्रांनो, आज मला गप्प बसवतच नाही! सकाळी घरात जे घडलं ते कधी एकदा तुम्हाला सांगते असं झालंय. पण आधी ओळख करून द्यायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही कोण मध्येच बडबडायला लागली! मी ताक घुसळायची जुनी लाकडी रवी. मुळशीच्या डोंगरकडेला सावळाबाबा आणि राजाबाई या धनगर नवराबायकोचं घर आहे. त्यांच्या स्वयंपाकघराच्या मातीच्या भिंतीवर मी खिळ्याला टांगलेली असते.

राजाबाई लग्न होऊन या घरात आल्या, त्याच वर्षी पौडच्या सुताराने मला शिवणीच्या लाकडातून घडवलं. खाली पाकळ्यांचं बोंड आणि वर लांब, सरळ दांडा. मला घुसळखांबाला सैल अडकवायचं, दांड्याला दोरीचे वेढे द्यायचे आणि दोन्ही हातांनी दोरी आळीपाळीने ओढायची, की मी डेऱ्यात गरगरा फिरू लागायची. घुम्म घुम्म आवाज साऱ्या वाडीला ऐकू जायचा. "राजाबाईच्या हाताला लोणी लवकर येतं," असं बायका म्हणायच्या. आता अर्धं कौतुक माझं होतं, पण रवीचं नाव कोण घेतं!

पुढे दिवस पालटले. मुलगा सिद्धनाथ पिरंगुटच्या कारखान्यात लागला. एक म्हैस उरली, तिचं दूध डेअरीला जाऊ लागलं. सून करिष्मा हौसेने मिक्सर घेऊन आली. तो मेला नुसता ओरडतो, पण काम झटपट करतो, हे मान्य करायला हवं. मी खिळ्यावर गेले. माझ्या बोंडात कोळ्याने जाळं विणलं आणि मी मनातल्या मनात कुढत राहिले.

अशात राजाबाईंच्या उजव्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर होता. ऑपरेशन झालं आणि मग पुण्याच्या दवाखान्यात छातीला शेक द्यायला सुरुवात झाली. डॉक्टर त्याला रेडिएशन म्हणतात, आमच्याकडे सगळे शेकच म्हणतात. नेमका कुठे द्यायचा ते कळावं म्हणून त्यांच्या छातीवर शाईच्या रेघा काढल्या होत्या. करिष्मा त्यांना रोज पौडच्या स्टँडवरून बसने घेऊन जायची. शेक देताना काही दुखत नाही, पण पुढे त्याचा त्रास हळूहळू वर येतो. राजाबाईंची कातडी लाल झाली, मग काळवंडली. आग आग व्हायची. सैल, मऊ सुती झंपर घातला तरी टोचायचा.

सावळाबाबांना ते बघवेना. भाजलं, पोळलं की ताजं लोणी लावायचं, हे त्यांच्या सात पिढ्यांचं औषध. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, जाळं झटकलं, धुतलं आणि स्वतः घुसळायला बसले. मित्रांनो, काय सांगू माझा आनंद! कितीतरी दिवसांनी मी ताकात भिजले, गरगरले, आणि पांढराशुभ्र गोळा वर आला. राजाबाईंनी तो छातीला चोळून लावला. बस गाठायच्या आधी ओशट नको म्हणून पदराने पुसूनही काढला.

पुसताना शाईच्या रेघाही पुसल्या गेल्या!

संध्याकाळी दोघी परतल्या तेव्हा करिष्माचा चेहरा उतरला होता. "मामा, लोन्यानं रेघा गेल्या सगळ्या. पुन्यांदा मापं घ्यावी लागली. आजचा शेक बुडाला. सिस्टर लई बोलल्या, इचारल्याबिगर कायबी लावायचं न्हाई म्हनल्या." तिने पिशवीतून दवाखान्याने दिलेलं मलम काढून ठेवलं. सावळाबाबा उंबऱ्यातच टेकले. म्हणाले, "आजपास्नं मी कायबी सांगायचो न्हाई. माझं शानपन मेंढरांपुरतं." माझी तर मान खाली गेली. ते लोणी मीच काढलं होतं ना!

पण मला पुन्हा बोलावणं आलं. काही दिवसांनी राजाबाईंना गिळताना त्रास होऊ लागला. भाकरीचा घास छातीत अडकल्यासारखा व्हायचा. या वेळी करिष्माने आधी दवाखान्यात विचारलं. मऊ भात चालेल, पातळ ताक चालेल, पण आंबट नको आणि मिरची तर मुळीच नको, असं उत्तर आलं. मग रोज पहाटे मेंढरं सोडायच्या आधी सावळाबाबा मला घेऊन बसू लागले. वाटीभर गोडं ताक राजाबाई घोट घोट प्यायच्या आणि मी ऐटीत खिळ्यावर परत जायची.

खरी काळजी होती त्यांच्या उजव्या हाताची. ऑपरेशन आणि शेक यांनी खांदा आखडत चालला होता. हात छातीच्या वर जाईना. आपला अंबाडा आपल्याला घालता येईना, कोकरू उचलून कडेवर घेता येईना. व्यायाम शिकवणाऱ्या ज्ञानदाताईंनी सांगितलं होतं, "मावशी, भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटं मुंगीसारखी वर चालवायची. दुखलं की थांबायचं. पण रोज करायचं, नाहीतर हात असाच राहील." म्हणून राजाबाई माझ्याच भिंतीपाशी उभ्या राहायच्या. बोटं जेमतेम छातीपर्यंत चढायची. मग त्या वर माझ्या खिळ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "कुटं त्यो खिळा आन् कुटं माजा हात!"

सावळाबाबांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी दोघी पुण्याला गेल्यावर त्यांनी माझा खिळा उपटला आणि खूप खाली, राजाबाईंची बोटं पोचत होती त्याच्या जरासा वर ठोकला. कुणी विचारलं तर, "त्यो जुना डगमगत व्हता," एवढंच. राजाबाईंना हुरूप आला. खिळ्याला बोट लावायचंच म्हणून त्या रोज धडपडू लागल्या. बोट अगदी लागायला आलं, की सावळाबाबा त्यांच्या नकळत खिळा दोन बोटं वर सरकवायचे. पुन्हा लागायला आलं, की पुन्हा दोन बोटं वर. खालची भोकं माझ्या लांब दांड्याआड झाकून जायची. पहाटे मला काढणारे तेच आणि टांगणारेही तेच, त्यामुळे कुणाला पत्ता नाही.

मला मात्र सगळं माहीत होतं! हात चढत होता हो, रोज चढत होता! पण राजाबाईंना वाटायचं, खिळा काही हाताला लागत नाही, म्हणजे आपण होतो तिथेच आहोत. शेक संपले, कातडी भरून येऊ लागली, पण थकवा जाईना. चार कामं केली की त्या भिंतीला टेकून बसायच्या. परवा त्यांचा धीर सुटला. "बास झालं. जीव वाचला, हात गेला तर गेला," म्हणाल्या आणि भिंतीपाशी यायच्याच बंद झाल्या. सावळाबाबा काठी घेऊन मेंढरांकडे निघून गेले. मला ओरडावंसं वाटत होतं, "अहो, सांगा की!" पण लाकडाला कुठली वाचा!

आणि आज सकाळी ते घडलं. सावळाबाबा मेंढरं घेऊन लवकर बाहेर पडले, म्हणून ताक करायला करिष्माने मला खिळ्यावरून काढलं. काढलं आणि ती भिंतीकडे बघतच राहिली.

"आत्या! ओ आत्या! आदी हिकडं या!"

राजाबाई आल्या. भिंतीवर खालपासून वरपर्यंत भोकांची सरळ ओळ होती. त्यांनी उजव्या हाताचं बोट सगळ्यात खालच्या भोकात घातलं. मग त्याच्या वरच्या. मग त्याच्याही वरच्या. बोट चढत गेलं आणि हात डोक्याच्या वर गेल्यावरच त्यांच्या ध्यानात आलं, की हात डोक्याच्या वर गेलाय!

तेवढ्यात विसरलेली काठी न्यायला सावळाबाबा परत आले. दोघी आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर ते दारातच थबकले.

"ह्ये तुमचं काम?" राजाबाईंनी विचारलं.

"दमलेल्या मेंढीम्होरं पाला धरतुया न्हवं," सावळाबाबा खाली बघत म्हणाले. "तोंड लागायच्या आत पाऊलभर मागं सरायचं. मंग मेंढी चालत ऱ्हाती."

"अगं बया! मला मेंढी केली व्हय तुमी!" राजाबाई इतक्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं. "आवो, मेंढीला मागं वळून बगायचं नसतं, मानसाला लागतं! येका सबुदानं सांगायचं तरी!"

"बोललो असतो, आन् लोन्यागत झालं असतं तर?"

राजाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि सावळाबाबांकडून खिळा मूळच्या, सगळ्यात वरच्या भोकात ठोकून घेतला. मग करिष्माच्या हातातून मला घेतलं, उजव्या हातात. हात वर निघाला. खांद्यापाशी थांबला, दम घेतला, पुन्हा निघाला. मी श्वास रोखून धरला होता, आणि रवीला श्वास नसतो हे मला आठवलंच नाही!

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाला असे शेक चालू असतील, तर मायेने काही लावण्याआधी दवाखान्यात विचारा. त्यांना दमायची आणि बसायची मुभा द्या. आणि ते म्हणू लागले की काहीच फरक नाही, तर गप्प राहू नका. हाताला धरून त्यांना भिंतीपाशी न्या आणि खालची भोकं दाखवा.

माझी टांगायची दोरी खिळ्याला अडकली. राजाबाईंनी हात काढून घेतला, मागे सरकून माझ्याकडे पाहिलं आणि सुनेला म्हणाल्या, "आता फणी दे. अंबाडा माजा मी घालती."