शेवटच्या भागाची कॅसेट

थांबा! मला लगेच मशीनमध्ये ढकलू नका. आधी माझं ऐकून घ्या, मग काय ते ठरवा. मी एक व्हिडिओ कॅसेट बोलतेय. अंगावरच्या धुळीवर जाऊ नका, एके काळी माझा तोरा बघण्यासारखा होता.

'धूमकेतूचे प्रवासी' नावाची एक मालिका होती. काळी-पांढरी. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी टीव्हीवर लागायची. एक यान आकाशात वाट चुकतं आणि दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या ग्रहावर राक्षसांशी हाणामारी करत घराकडे निघतं, एवढीच गोष्ट. यानाच्या भिंती पुठ्ठ्याच्या, यंत्रमानव म्हणजे पत्र्याचा डबा. पण तेव्हा ती लागली की रस्ते ओस पडायचे म्हणे. ते बघणारे लोक म्हातारे झाल्यावर एका कंपनीने सगळे भाग कॅसेटींवर काढले आणि रंगीत खोक्यात घालून विकायला ठेवले. त्या खोक्यातली मी सगळ्यात शेवटची. यान घरी पोचतं तो भाग माझ्या पोटात. त्यामुळे मला मान जास्त, आणि खरं सांगायचं तर घमेंडही जास्त.

आम्हाला विकत घेतलं शूटिंगदादाने. लग्नांचं व्हिडिओ शूटिंग हा त्याचा धंदा, म्हणून सगळी वस्ती त्याला याच नावाने हाक मारायची. माणूस जिभेचा गोड. नवरीच्या आईला रडू आलं की आधी तिला पाणी द्यायचा आणि मगच कॅमेरा लावायचा. खोकं त्याने आपल्या आईच्या मांडीवर ठेवलं. "लग्न झाल्यावर तू आणि बाबा बघायचात ना? घे, सगळे भाग आहेत."

म्हातारीने ते खोकं असं काही छातीशी धरलं की आतल्या आत आम्ही चेंगरलो. त्या दिवसापासून मी तिची झाले.

दुपारी कामं आटोपली की ती मला लावायची आणि सुनेला हाक मारायची. "अगं ए, ये लवकर, राक्षस आला!" सूनबाई लग्नांच्या कॅसेटींवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवत असायची, ती तशीच डिंकाच्या हातांनी धावत यायची. "आता नीट बघ हं," म्हातारी सांगायची, "वळला की पाठीवरची चेन दिसते. मेल्याने रबराचा झगा घातलाय!" मग दोघी हसून हसून बेजार. तोच राक्षस, तीच चेन, तेच हसू. मला तर वाटायचं, जन्म घ्यावा तो यासाठीच.

अशाच एका दुपारी त्या हसत असताना शूटिंगदादा घरी आला. कडी लावलेली होती. दार उघडायला जरा उशीर झाला, इतकंच.

"बहिरी झालीस का गं?" एवढं बोलला आणि सूनबाईच्या कानाखाली जाळ काढला. ती मशीनवर आदळली. तशीच केसांना धरून त्याने तिला उभी केली आणि तिचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मग लाथ. ती चुकली आणि मशीनला बसली, तेव्हा मी मशीनच्या पोटात होते. जमिनीवर आपटलो आम्ही. माझी फीत चुरगळली. पण माझं सोडा, तिचा दात माझ्यासमोर फरशीवर पडला होता.

अहो, मारामारी मी जन्मापासून पोटात वागवली आहे. पण मालिकेत ठोसा बसला की ढिशांव असा छान आवाज येतो आणि पडलेला माणूस पुढच्या आठवड्यात ठणठणीत असतो. इथे ओलं कापड दगडावर आपटल्यासारखा आवाज येत होता. भिंतीपलीकडे शिंपी राहायचा. आमच्याकडे मारहाण सुरू झाली की तो शिलाई मशीन जोरात चालवायला लागायचा, ऐकू येऊ नये म्हणून. त्या दिवशीही त्याने चालवलं.

सूनबाई पोलीस चौकीत गेली. फौजदार घरी आले. त्यांच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग शूटिंगदादानेच केलेलं, त्यामुळे आधी चहा झाला. मग त्यांनी म्हातारीला विचारलं, "आजी, तुम्ही घरातच होता ना? काय झालं नेमकं?"

म्हातारीने मुलाकडे पाहिलं. "पडली," ती म्हणाली. "पाय घसरला तिचा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाटलं, हिच्या डोक्यात जाऊन पडावं! सूनबाई मात्र उठून आत गेली. त्यानंतर राक्षस आला म्हणून कितीही हाका मारा, ती आली नाही. म्हातारीनेही मग हाका मारणं बंद केलं.

मशीन दुरुस्तीला गेलं. आईचा विरंगुळा बुडाला म्हणून लेकाला कोण वाईट वाटलं! त्याने घरी एक मोठा कॅमेरा आणून फडताळावर ठेवला आणि मला त्यात घातलं. "या भिंगाला डोळा लाव. आत दिसतं सगळं."

"आणि चुकून पुसली गेली तर?"

तो हसला. मला बाहेर काढून माझी कड तिला दाखवली. "कंपनीची कॅसेट आहे ही. ही खाच बघ. इथला तुकडा नसला की कॅमेरा तिच्यावर काही भरतच नाही. लाल बटण कितीही दाब."

"मग तू जुन्या कॅसेटी परत कशा भरतोस रे?"

"खाचेवर चिकटपट्टी लावायची. झालं!" असं म्हणून त्याने आईचा गाल ओढला आणि कामाला गेला. गुणी बाळ!

पुढच्या वेळी त्याने सूनबाईचा गळा धरला. कारण काय, तर एका कॅसेटीवर नवरीचं नाव चुकलं होतं. तिचे पाय जमिनीवरून सुटले, डोळे पांढरे झाले, तेव्हा कुठे त्याने हात काढला. "पुढच्या खेपेला सोडणार नाही," असं त्याने सांगितलं, आणि हात धुऊन जेवायला बसला. त्याला म्हातारीनेच वाढलं.

दुसऱ्या दिवशी सूनबाई तिच्यापाशी येऊन बसली. गळ्यावर बोटांचे निळे वळ. आवाज बसलेला. "आई, पुढच्या वेळी मी वाचणार नाही. फौजदारांना तुम्ही काय सांगाल, तेवढं मला आजच सांगा."

म्हातारी म्हणाली, "त्या राक्षसाच्या पाठीला चेन दिसते गं. ह्याला लहानपणी मी रोज न्हाऊ घातलंय, पाठ चोळलीय. माझ्या हाताला कधीच काही लागलं नाही." आणि ती ढसाढसा रडली.

रडून झाल्यावर तिने कॅमेऱ्यातून मला काढलं. खोक्यावरच्या यानाच्या चित्रावरून हात फिरवला. शेवटचा भाग तिने खोकं घरात आल्यापासून रोज पाहिला होता, तरी तिचं मन भरलं नव्हतं. "बाई गं, मला माफ कर," ती मला म्हणाली. मग लेबलांच्या डब्यातली चिकटपट्टी घेतली आणि माझ्या खाचेवर दाबून बसवली. भरणं चालू असताना कॅमेऱ्यावर लागतो त्या लाल दिव्यावर काळा कागद डकवला. कोरी कॅसेट घातली असती तर त्याने लगेच काढून पाहिली असती. माझ्यावर त्याला संशय येणार नव्हता.

आणि खरंच आला नाही. संध्याकाळी त्याची फटफटी वाजली. तिच्या आवाजावरून म्हातारी त्याचा पारा ओळखायची. तिने मला सुरुवातीपासून लावलं आणि लाल बटण दाबलं. माझं यान पुसलं जायला लागलं, आणि त्याच्या जागी ते घर भरायला लागलं.

घरात आल्यावर त्याने कॅमेऱ्याच्या खिडकीतून माझं रंगीत लेबल पाहिलं. "बघतेस ना आई? बघ, बघ." आणि बायकोकडे वळला.

त्या दिवशी कारणही नव्हतं. त्याने कॅमेऱ्याची तीन पायांची लोखंडी तिकाटी उचलली आणि तिच्या हातावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मी भरून घेतला. ती ओरडली, तोही भरला. तो तिला ओढत भिंतीपाशी घेऊन गेला आणि डोकं आपटायला लागला. भिंतीवर रक्ताचा डाग उमटला. मग त्याने पुन्हा तिकाटी उगारली आणि म्हातारी मध्ये शिरली.

"आधी मला मार! मार की रे!"

मला वाटलं, थांबेल. आईचा एवढा लाडका तो. पण त्याने मारलं. तिकाटीचा पाय तिच्या कपाळावर बसला आणि ती सूनबाईच्या अंगावर पडली. रक्त डोळ्यांत उतरलं तरी ती सुनेच्या अंगावरून हलली नाही. तो वरून मारत राहिला आणि वार तिच्या पाठीवर पडत राहिले. माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं, पण मी फिरत राहिले. दुसरं करणार काय होते?

भिंतीपलीकडची शिलाई अचानक थांबली. मग दारावर धक्के बसले, कडी तुटली. शिंपी हातात मोठी कात्री घेऊन दारात उभा होता. "तिकाटी टाक," तो म्हणाला. "टाक, नाहीतर ही पोटात घालीन." त्याने कात्री खाली केली नाही.

फौजदार आले तोवर शूटिंगदादाने चेहरा धुतला होता. "काय सांगू साहेब, सासू-सुनेचं भांडण. दोघी एकमेकींवर पडल्या."

फौजदारांनी म्हातारीकडे पाहिलं. कपाळावर फडकं धरून ती सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. "आजी?"

"मारलं," म्हातारी म्हणाली. "मागच्या वेळीही मारलंच होतं, मी खोटं बोलले. कॅमेऱ्यात बघा."

तो मोठ्याने हसला. "साहेब, कंपनीची कॅसेट आहे ती! तिच्यात काय भरणार, कप्पाळ?"

"खाच बघ," म्हातारी म्हणाली. "चिकटपट्टी लावली की भरते. तूच सांगितलंस ना मला?"

माझं भरणं अजून चालूच होतं. त्याचं खोटं भरलं, हसू भरलं, आणि ते हसू विरलं तेही भरलं. मग फौजदारांनी बटण दाबून मला थांबवलं.

चौकीत मला लावलं. शिपायाने मान खाली घातली. सूनबाईचा हात प्लास्टरमध्ये होता. म्हातारीने शेवटपर्यंत डोळे मिटले नाहीत. मार संपला, खोटं संपलं, पडद्यावर खरखर झाली आणि मग माझ्या पोटात उरलेला शेवट लागला. पुठ्ठ्याचं यान जमिनीवर टेकलेलं. कप्तान दार उघडतो. बाहेर गवत हलतंय.

फौजदार बंद करायला उठले. "राहू द्या," सूनबाई म्हणाली. "आईंना बघायचाय." आणि आपल्या धड हाताने तिने म्हातारीचा हात धरला.

"उतरा," कप्तान म्हणाला. "घर आलं."

आता त्या दोघी एकत्र राहतात, शिंप्याने बघून दिलेल्या खोलीत. आमची मालिका म्हणे आता सीडीच्या चकत्यांवर आली आहे, धुऊनपुसून लखलखीत. शेवटचा भाग अख्खा आहे म्हणतात. मी मात्र या सरकारी कपाटात पुरावा म्हणून पडून आहे. खटला संपलेला नाही. तारखा पडताहेत, आणि शूटिंगदादाच्या गोड जिभेला ओळखणारी माणसं इथेही येऊन जातात.

म्हणून हात जोडून सांगते. तुम्ही जे कोणी हे कपाट उघडलंत, तुम्हाला मला लावायचं तर लावा, नाहीतर परत ठेवून द्या. पण आधी माझ्या खाचेवरची ती चिकटपट्टी तेवढी काढून टाका. आता माझ्यावर दुसरं काही भरायला नको.