अठ्ठावन्नच्या पुढचे स्वयंसेवक

अपघात झालाच, तर आत जाऊन झडप बंद कोण करणार? अणुवीज केंद्राने हा प्रश्न आमच्या अंधेरीच्या कन्सल्टन्सीकडे सोपवला होता. केंद्र लांब, दुसऱ्या जिल्ह्यात. त्यामुळे आम्हाला फार धीटपणे विचार करता येत होता.

नियम असा, की किरणांचा एवढा मोठा डोस घ्यायला माणूस स्वेच्छेने गेला पाहिजे. आमच्या विद्याधर साहेबांनी त्यात भर घातली: तो वयस्कर असावा. किरणांमुळे होणारा कॅन्सर उगवायला वीस वर्षं लागतात, म्हाताऱ्याकडे तेवढा वेळ असतो कुठे! पन्नाशीच्या पुढचे सगळे पात्र, असं मी टाइप केलं.

मसुदा केंद्रात गेला आणि कळलं, शिफ्ट इंचार्ज बावन्नचे. शास्त्राने ताबडतोब प्रगती केली, मर्यादा पंचावन्न झाली. मग मॅनेजर सत्तावन्नचे निघाले. शास्त्र अठ्ठावन्नला येऊन थांबलं, कारण यादीत एकच नाव उरलं: लहू तांडेल, फिटर, वय एकोणसाठ.

सहीसाठी लहूदादांना अंधेरीला बोलावलं. माणूस मूळचा मढचा कोळी. फॉर्म सावकाश वाचून म्हणाले, "साहेब, एक जून ही जन्मतारीख मास्तरांची हाय. शाळेत लवकर घ्यायला त्यांनी दोन वर्षं वाढवली. मी सत्तावन्नचा."

"सर्व्हिस बुकात एकोणसाठ आहे ना? मग झालं."

म्हणजे किरणं शरीरात शिरण्याआधी सर्व्हिस बुक चाळणार! मला संताप आला, पण पगार साहेबच काढतात.

"आणि हे स्वेच्छेनं म्हंजे माझ्या मर्जीनं ना?" लहूदादांनी पेन खाली ठेवलं. "मग माझी मर्जी नाय."

मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. साहेब तर माझ्याहून खूश. "अस्मिता, टाइप कर. आत जाणारे कामगार शून्य. सबब, जोखीम शून्य." झकास अहवाल झाला.

दादांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले. "सुटलात ना दादा!"

"कसला सुटतोय, पोरी? ती झडप माझ्याशिवाय कुणाला बंद करता येत नाय. भोंगा वाजला की मलाच आत ढकलतील. आणि उद्या मी आजारी पडलो, तर तुमचा कागद सांगेल, आत कोणी गेलंच नव्हतं."