नातं : इतर

माझं तोंड फटकळ आहे, हे आईला लहानपणीच कळलं होतं, नवऱ्याला लग्नानंतर कळलं. पण आमच्या भागातल्या सगळ्या शाळांतल्या मुलांची माहिती सांभाळणाऱ्या विभागाची मी प्रमुख आहे. तिथे गोड बोलून कामं होत नाहीत.

त्या दिवशी सकाळीच वरच्या साहेबांचा फोन आला. "बाई, उद्या परीक्षेची प्रवेशपत्रं निघणार. दुबार नोंदी संध्याकाळपर्यंत शून्य हव्यात. तुमचंच घोडं कुठे अडलंय?"

घोडं एका मुलीवर अडलं होतं. शाळा एक, वर्ग एक, नाव तेच, जन्मतारीख तीच, वडीलही तेच. नोंदी मात्र दोन. आमचा ऑपरेटर, ज्याला सगळे घाईगडबड म्हणतात, बटणावर बोट ठेवूनच बसला होता.

"मॅडम, एक उडवतो. पोरगी दोनदा भरलीये."

"हात काढ आधी! गुण बघ. एकीला गणितात पैकीच्या पैकी, दुसरी काठावर पास. एकच पोरगी हुशार आणि ढ कशी असेल?"

"माझी बहीण आहे तशी," तो म्हणाला.

विचारल्याशिवाय मूल उडवायचं नाही, हा माझा नियम. शाळेत फोन लावला, तर दुपारी एक सुतार दोन मुलींना घेऊन हजर. केसांत भुसा तसाच.

"ही थोरली, माझी. ही धाकटी, माझ्या भावाची," ते म्हणाले. "दोघी एकाच दिवशी जन्मल्या, तासाभराच्या फरकानं. आईनं एक नाव सुचवलं, दोन्ही सुना त्यावर हटून बसल्या. कोण माघार घेणार? ठेवलं दोघींचं तेच!"

"आणि वडील म्हणून दोघींना तुम्हीच?"

"शाळेच्या अर्जावर 'पालक' लिहिलं होतं. पालक म्हणजे पाळतो तो ना? भाऊ गेला तेव्हा ही मांडीवर मावत होती."

आता उलगडा झाला. अर्जावरचा पालक आमच्या संगणकानं वडील म्हणून धरला होता. धाकटीच्या वडिलांचं खरं नाव घातलं की काम फत्ते. घातलंही. पण पालकाच्या नावापुढे नातं निवडावं लागतं, आणि यादीत तीनच शब्द: वडील, आई, इतर. घाईगडबडनं 'इतर' निवडलं.

"इतर?" सुतार पडद्याकडे बघत राहिले. "म्हणजे शेजारीपाजारी?"

धाकटीचा चेहरा पडला. "मॅडम, पुसा ते. आधी होतं तसंच करा. नाहीतर माझी नोंदच उडवा, मी परीक्षेला पुढच्या वर्षी बसेन."

"पुढच्या वर्षी? गणितात पैकीच्या पैकी घेणारी तूच ना? अक्कल काय फक्त गणितापुरतीच?" मी ओरडले खरी, पण हात फोनकडे गेला होता. मी यादी बनवणाऱ्या तंत्रज्ञाला फोन लावला. "त्या यादीत 'काका' घाला. आत्ता."

"मॅडम, समितीची मंजुरी लागेल."

"माहिती माझ्या विभागाची, सही माझी. समितीची बोलणी मी खाईन, मला सवय आहे. तुम्ही शब्द घाला. आणि हात चालतोच आहे तर मामा, आजी, मावशी, थोरली बहीण, सगळी घाला. मुलं कोण कोण वाढवतं, ते जरा कळू दे समितीला."

तो कुरकुरला, पण त्यानं घातले. तेवढ्यात साहेबांचा फोन. "शून्य झालं?"

"झालं. एकही मूल न उडवता."

घाईगडबडनं 'काका' निवडलं. या वेळी अगदी सावकाश.

"जरा मोठं करून दाखवता?" सुतारांनी विचारलं. त्यानं अक्षर वाढवत वाढवत पडदाभर केलं.

"काका, चष्मा लावा की," धाकटी म्हणाली.

"लावलाय गं," ते म्हणाले, आणि पुसायला म्हणून त्यांनी तो काढला.