थोरल्या फॉइलवर वाळत घातलेले मोजे

मित्रांनो, घरातल्या थोरल्या बाईच्या अंगावर कुणी पायातले ओले मोजे वाळत घालतं का? आमच्या पुतण्याने घातले. एक दिवस नाही, अख्खा मोसम. त्या मोज्यांचा वास कसा होता ते सांगत नाही, तुमचं जेवण व्हायचं असेल.

मी एक जुनी फॉइल आहे. नाव ऐकून भांबावू नका. उभं राहायची एक फळी असते. तिच्या पोटाखाली कमरेइतक्या उंचीचा खांब, आणि खांबाच्या टोकाला, पाण्याच्या आत, विमानाच्या पंखासारखी पसरलेली मी. माणूस हवा भरलेला कापडी पंख हातात धरतो, वारा त्याला ओढतो, आणि वेग आला की मी फळीला माणसासकट पाण्याच्या वर उचलते. काठावरचे लोक म्हणतात, "काय उडतोय बघा!" तो कुठला उडतोय? मी उचललंय त्याला.

दोन भावांनी मला घडवलं. काळ्या कापडाचे थर साच्यात घातले, राळ पाजली, दाबून ठेवलं. मग धाकटा भाऊ तीन दिवस मला घासत बसला आणि म्हणाला, "झाली बघ आरशासारखी." माझ्या पोटावर दोन हजार असा आकडा छापला. तेवढे चौरस सेंटीमीटर माझा पसारा. मला वाचता येणारा आकडा तो एकच. पण माणूस पाण्याकडच्या पायऱ्या उतरताना दिसला की त्याला कोणती फॉइल लागेल ते मी न शिकता सांगते. अंगाने जड, नवखा, वारा मंद, तर मोठी. अंगाने हलका, हात बसलेला, वारा सणसणीत, तर लहान. जोराच्या वाऱ्यात मी नको तितकी उचलते आणि कुणाला आवरत नाही. माझा दोष मी पदराखाली झाकत नाही.

ज्या शेडमध्ये मी आले ती पाण्याला लागूनच होती. मालकीण काकू. फळ्या भाड्याने द्यायच्या आणि शिकवायच्याही. दाराशी त्यांनी वजनकाटा ठेवला होता. कुणीही येवो, आधी काट्यावर उभा. मग काकू बोट ओलं करून वारा बघायच्या आणि मांडणीवरून फॉइल काढायच्या. मांडणीवर सगळ्यात वर मी, खाली लेकीसुनांसारख्या लहान लहान फॉइली. कितीतरी माणसं माझ्या पाठीवर पहिल्यांदा उभी राहिली. संध्याकाळी काकू मला गोड्या पाण्याने धुवायच्या, फडक्याने टिपायच्या. सुख होतं.

मग काकू पायरीवरून घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि शेड पुतण्याच्या हाती गेली. त्याने पहिल्याच दिवशी काटा उचलून फळ्यांमागे टाकला. "गिऱ्हाईक लाजतं," म्हणाला. तोंडी विचारू लागला. आता तोंडी विचारल्यावर खरं वजन कोण सांगतं? वरून नव्या नऊशेच्या फॉइलीचं त्याला भारी कौतुक. ती चपळ, दिसायला नाजूक. येईल त्याला तीच द्यायची. मी दाराआड गेले आणि माझ्यावर मोजे आले.

लोक पडायचे, तो म्हणायचा, "तुमचं अंग जड आहे हो." लोक ओशाळून निघून जायचे. एक बेकरीवाला मात्र स्वतःची फळी विकत घेऊन टिकला. भल्या पहाटेपासून भट्टीपुढे उभं राहणारा माणूस, त्याला पाण्यावर उडायचं हे एकच वेड. मोसमभर नऊशेवर धडपडला, एकदाही वर आला नाही. गुडघे सुजवून घेतले. शेवटी एका दुपारी म्हणाला, "सर, आजचा दिवस बघतो. नाही जमलं तर फळी विकून टाकतो. घरात हसतात मला."

त्याच दुपारी काठी टेकत काकू आल्या. बेकरीवाल्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"वजन किती हो तुमचं?"

"ऐंशी."

"पाव विकताना वजनात मारता का?"

"छे! कधीच नाही."

"मग स्वतःला का मारता? चढा काट्यावर."

काटा ओढून काढला. काकूंनी आकडा वाचला, सत्त्याण्णव. काकूंनी बोट ओलं करून धरलं. वारा जेमतेम. "थोरलीला काढ," त्या पुतण्याला म्हणाल्या.

"ती? काकू, तिच्यावर म्हैससुद्धा उडेल!"

"मग उडू दे की. तुझं काय जातं?"

पुतण्याचं नाक लाल झालं. नऊशेची घेऊन तो स्वतःच पाण्यात शिरला. "पाण्यात तरंगणाऱ्या त्या लांबच्या पिंपाला वळसा घालून येतो, तोवर हे फळीवर उभे राहिले तरी खूप झालं!" मी मनात म्हटलं, जा बाळा, लांब जा. आणखी लांब जा.

एक झुळूक आली, तो वर आला, ऐटीत पिंपापर्यंत पोचला. तिथे झुळूक संपली. नऊशेची खाली बसली, तिच्यावर त्याची चिमुकली फळी, आणि छातीपर्यंत पाण्यात आमचे सर. कोंबडी फडफडावी तसा तो पंख हलवत राहिला.

इकडे बेकरीवाला माझ्यावर उभा होता. वारा तेवढाच. मी अंग ताठ केलं, मोसमभराचा राग गोळा केला आणि उचललं. फळीखालचा खळखळाट एकदम थांबला. "अगं आई!" तो ओरडला. मग हसू लागला, मग रडूही लागला. आम्ही सरळ पिंपाकडे निघालो.

"अहो, थांबा! दोरी टाका!" पुतण्या हाका मारू लागला.

"थांबायचं शिकवलंच नाही हो तुम्ही!" बेकरीवाला ओरडला. खरंच होतं ते. त्याला वळता येत नव्हतं आणि मला वळायचं नव्हतं. पुतण्याच्या नाकासमोरून आम्ही निघून गेलो. बेकरीवाला पार पलीकडच्या काठाशी, छातीभर पाण्यात, धपकन पडला आणि मला डोक्यावर घेऊन काठाकाठाने नाचत परत आला. फळी विकायची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही.

पुतण्या पोटावर पालथा पडून हातांनी पाणी मारत तासाभराने काठाला लागला. पायऱ्यांवर पंधरा माणसं बसली होती. काकूंनी त्याच्या हातात बादली आणि फडकं दिलं.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणाला काही शिकवाल. आधी समोरच्या माणसाला नीट बघा, वारा बघा, मग त्याच्या हातात वस्तू द्या. आणि काम झालं की ती वस्तू धुऊन, पुसून ठेवा. तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे.

पण पुतण्या माझ्यापुढे वाकून बसला होता, तेव्हा मी मागणं मागितलं नाही. त्याला तोंडावर म्हटलं, "पुतणोबा, वर बघ. चूक तुझी, आणि जड म्हणून हिणवलंस लोकांना. ते मी विसरले नाही, विसरणारही नाही. माणूस काट्यावर घेतल्याशिवाय इथून पुढे कुणाला फॉइल दिलीस तर याद राख. तुला सर म्हणायला मी तयार नाही. आता बडबड न करता घास. उजव्या टोकाला मीठ तसंच आहे."